आहे का मी अजून?

दिवाळीचे कंदील उतरले आणि बदलापूरच्या सकाळच्या हवेत जरासा गारवा शिरला, की आमच्या पट्ट्यात एक हंगाम सुरू होतो. कॅलेंडरात त्याची नोंद नसते. भाताची कापणी उरकलेली असते, परीक्षा लांब असतात, लग्नाचे हॉल अजून पुरते भरलेले नसतात. या मधल्या मोकळ्या जागेत सत्कार उगवतात. विठ्ठलवाडीपासून हेंद्रेपाड्यापर्यंत विजेच्या खांबांवर फ्लेक्स चढतात, सभागृहांचे पडदे झटकले जातात आणि ज्याचा अजून सत्कार झालेला नाही असा माणूस शोधायला मंडळांचे कार्यकर्ते बाहेर पडतात. असा माणूस सापडणं दरवर्षी कठीण होत चाललं आहे.

या हंगामाला स्वतःचा वास आहे. डांबरगोळ्यांचा, नारळाच्या ओलसर शेंडीचा, नव्या फ्लेक्सच्या शाईचा. हा वास आला की मला थंडी वाजायला लागते, आणि हवेतल्या गारव्याशी तिचा काही संबंध नसतो.

गेल्या आठवड्यात मंडळानं शाल आणायचं काम माझ्याकडे दिलं, म्हणून उल्हासनगरला गोपभाईंच्या दुकानात गेलो. शाली, स्मृतिचिन्हं, फेटे, मोत्यांच्या माळा. सन्मानाला लागणारं सगळं तिथे एका छताखाली मिळतं, फक्त सन्मानाचं कारण आपलं आपण आणायचं. गोपभाई आता पार पिकले आहेत. प्रश्न मात्र जुनाच.

"साईं, सत्कारवाली दूँ या पहननेवाली?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, शालींच्या या दोन वेगळ्या जाती आहेत. पहननेवाली थंडी अडवते. सत्कारवाली फोटोत चमकते. तिची जर झटकली की गळते, म्हणून तिला कुणी झटकत नाही. घडी न मोडता ती पुढच्या सत्काराला रवाना होते. आमच्या भागात काही शाली काही माणसांपेक्षा जास्त व्यासपीठं चढल्या आहेत.

"सत्कारवाली," मी म्हणालो.

"किसका है?"

"अविनाशचा."

गोपभाईंनी हातातली शाल परत कपाटात ठेवली, खाली वाकले आणि तळातल्या कप्प्यातली एक हलकी, खरखरीत शाल काढून काउंटरवर टाकली. मी पैसे मोजले. त्यांच्या मागच्या प्लायवूडच्या आडोशाकडे माझं लक्ष गेलं. तिथे आता स्मृतिचिन्हांची खोकी रचलेली आहेत. एके काळी तिथे दोन संगणक होते, वर "सायबर कॅफे" अशी पाटी होती, आणि एका हिवाळ्यापासून पुढे त्यातल्या एका संगणकात रोकडेकाका राहत असत.

*

या शतकाचं पहिलं दशक अजून संपायचं होतं. इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आकार घेत होता. कुणीही लेख लिहावा, कुणीही दुरुस्त करावा, आणि लेखाचा विषय ज्ञानकोशात घेण्याजोगा नसेल तर चर्चा करून तो काढून टाकावा. त्या जोगेपणाला शब्द होता उल्लेखनीयता. ज्या समाजात मान्यवर हे बहुवचन एकट्या माणसाला लावतात, तिथे कुणीतरी "पुरावा दाखवा" म्हणतंय, याचा मला इतका आनंद झाला की मी रविवारची झोप सोडली.

अविनाश माझा कॉलेजपासूनचा मित्र. मी अंबरनाथला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. तोही आधी तिथेच होता, मग संगणकाच्या कंपनीत गेला आणि सोनिवलीला नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. खिडकीतून कापलेल्या भाताची खुंटं दिसत, त्यापलीकडे पुढच्या इमारतीचे खांब. त्या खोलीत आम्ही दोघं दुपारभर ज्ञानकोश साफ करत बसायचो. अविनाश तिथला प्रचालक होता, म्हणजे लेख कायमचा काढून टाकायची कळ त्याच्या हातात होती. आमची मुख्य शिकार स्थानिक पुढारी. "युवकांचे आशास्थान, झुंजार नेतृत्व, भावी आमदार" असा लेख दिसला की आम्ही बाह्या सरसावायचो.

"भावी आमदार ज्ञानकोशात बसत नाही रे, पंचांगात बसतो," मी म्हणायचो.

अविनाश हसायचा आणि कळ दाबायचा. मग गंभीर होऊन म्हणायचा, "चौकातला फ्लेक्स आणि ज्ञानकोश यात फरक राहिलाच पाहिजे. आपण नाही ठेवला तर कोण ठेवणार?" त्याची आई उकडलेल्या शेंगांची ताटली आणून ठेवायची आणि विचारायची, "आज किती जणांना मारलंत?"

मला तो तेव्हा फार आवडायचा. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

*

रोकडेकाका प्रॉम्प्टर होते. दिवसा आमच्या कारखान्यात मशीनवर, आणि संध्याकाळी तालमीत. कामगारांच्या नाट्यस्पर्धांचा तो काळ. अंबरनाथमधल्या बहुतेक कारखान्यांचा एखादा नाटकाचा संघ असे, आणि संघ कुठलाही असो, विंगेत स्टुलावर रोकडेकाका. गळ्यात मफलर, मांडीवर संहिता. प्रॉम्प्टर वाक्य देतो म्हणजे पुढचा शब्द सांगतो, एवढंच लोकांना वाटतं. काका नटाचा श्वास ऐकायचे. श्वास अडखळला की शब्द यायचा. नटाला ऐकू जाईल आणि पहिल्या रांगेला जाणार नाही, अशा नेमक्या आवाजात.

त्यांना नम्र समजू नका. "ह्या अंबरनाथची सगळी रंगभूमी माझ्या ह्या नरड्यावर उभी आहे," असं ते कॅन्टीनमध्ये खुशाल सांगायचे आणि नरड्यावर बोट ठेवून दाखवायचे. विठ्ठलवाडीच्या चाळीत त्यांच्या घरी गेलं की ते बुद्धाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत, आपल्यासमोर प्रेक्षक बसलेत अशा थाटात बसायचे. काकू आतून आवाज द्यायच्या, "जय भीम, भाऊ. बसा. यांचा एक अंक ऐकल्याशिवाय चहा मिळायचा नाही."

अविनाश आमच्या संघाचा नायक होता. एका वर्षी अंतिम फेरीत शेवटच्या प्रवेशात बरीच वर्षं परागंदा झालेला मुलगा घरी येतो, आंधळा बाप दार उघडतो, आणि मुलगा म्हणतो, "आबा, मी आहे. आवाज ओळखला नाही?" नाटक या वाक्यावर टांगलेलं. अविनाश दारात आला, बापानं दार उघडलं, आणि अविनाशच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. मी समोरच्या विंगेत टेपरेकॉर्डरवर होतो. मला तो चेहरा अजून दिसतो. त्यानं डावीकडे पाहिलं. काकांनी वाक्य दिलं. त्यानं घेतलं नाही. काकांनी पुन्हा दिलं, या वेळी शब्दांबरोबर त्यातला हुंदकासुद्धा दिला. अविनाशनं तो जसाच्या तसा उचलला, आणि त्या वर्षीचं अभिनयाचं बक्षीस घेऊन घरी गेला. बसमध्ये त्यानं काकांचे पाय धरले होते. "काका, हे बक्षीस तुमचं." काका म्हणाले होते, "माझंच आहे. ठेव तुझ्याकडे."

*

म्हणून त्या हिवाळ्यात मी ज्ञानकोशात काकांवर लेख लिहिला. आता ते निवृत्त झाले होते, संघ बुडाले होते, आणि बरेच कारखानेही त्यांच्या मागोमाग.

गोपभाईंच्या सायबर कॅफेत मी तो त्यांना दाखवायला नेलं. पडद्यावर नुसते चौकोन आले. तेव्हाच्या संगणकांना मराठी यायचं नाही. अक्षरांच्या जागी रिकाम्या पेट्या दिसायच्या. काकांनी चष्मा पुसला, चौकोनांच्या त्या रांगांकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा मी?"

मी लिपी बसवून दिली. मग त्यांनी वाचला. बोटानं ओळ धरून, ओठ हलवत, जसं ते संहिता वाचायचे. वाचून झाल्यावर गोपभाईंना म्हणाले, "गोप्या, ये इधर. देख, मैं आ गया."

"अरे वा काका! अब तो शाल लगेगी."

दुसऱ्या दिवशीपासून काका रोज संध्याकाळी येऊ लागले. भाजीची पिशवी आडोशाला टेकवायची, स्टूल ओढायचं आणि विचारायचं, "आहे का मी अजून?" गोपभाई लेख उघडून द्यायचे. काका एकदा वाचायचे, "आहे," म्हणायचे आणि घरी जायचे. काकू मला म्हणाल्या, "आयुष्यभर अंधारात बसले, कधी तक्रार नाही. आता म्हातारपणी उजेडाची चटक लागली. तुम्ही लावलीत."

मग एका संध्याकाळी लेखाच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली. "हा लेख काढून टाकावा असा प्रस्ताव आहे. व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. चर्चा सुरू आहे." काकांनी ती नोटीस वाचावी तशी वाचली. "म्हणजे मी कुणी नाही, असं त्यांचं म्हणणं आहे?"

"तसं नाही काका. पुरावा मागतायत."

"कसला पुरावा? मी ऐकू आलो असतो तर मला घरी बसवलं असतं की."

हे मला त्या चर्चेत लिहिता आलं नाही, कारण याला उत्तर नव्हतं आणि उत्तर नसलेल्या गोष्टींसाठी तिथे रकाना नव्हता. आमच्या संघाच्या जुन्या स्मरणिका काढून पाहिल्या. नटांची नावं, नेपथ्य, प्रकाश, केशभूषा, शेवटी "पडद्यामागील ज्ञात-अज्ञात हातांचे आभार." काका अज्ञातांत होते, आणि हातही नव्हेत, आवाज.

मी सोनिवलीला गेलो. "अविनाश, तू लिही ना त्या चर्चेत. अंतिम फेरीत काय झालं ते."

"मी लिहून उपयोग नाही रे. वैयक्तिक आठवण म्हणजे पुरावा नव्हे. कुठेतरी छापून यायला हवं."

"नियम म्हणून बोलतोयस की खरंच?"

"नियमच खरा असतो. आपण बाकीच्यांना काय सांगत होतो?"

मला पटलं. पटण्यासारखंच होतं, माझीच वाक्यं होती ती. तोच पुढे म्हणाला, "एक सत्कार करा काकांचा. बातमी येईल. मी येतो, तिथे जाहीर सांगतो सगळं."

*

सत्काराला मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून राबलो. अंबरनाथला वाचनालयाचा हॉल मिळवला. बातमीदार यावा म्हणून अध्यक्षस्थानी एक नगरसेवक बोलावला, ज्याचा "भावी आमदार" आम्हीच काढून टाकला होता. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा त्याला अशा गोष्टींनी काही होत नव्हतं. प्रमुख पाहुणा अविनाश. गोपभाईंनी शाल पसंत केली, चांगल्यापैकी चमकणारी. काका नवा शर्ट घालून आले आणि मान्यवरांच्या खुर्चीत इतके कडेला बसले, की सगळ्यांना ते खुर्च्या मांडणाऱ्यांपैकी वाटले. एकदा तर नगरसेवकानं त्यांच्याकडे पाणी मागितलं. काकांनी दिलं.

अविनाश बोलायला उठला. मी व्यासपीठाच्या मागच्या कडेला, काकांच्या पाठीशीच, ध्वनिक्षेपकाच्या बटणांजवळ होतो. त्यानं अंतिम फेरी सांगितली, दार सांगितलं, आंधळा बाप सांगितला. हॉल चिडीचूप झाला. मी बातमीदाराकडे पाहिलं. तो लिहीत होता.

"आणि त्या क्षणी," अविनाश म्हणाला, "मी क्षणभर थांबलो. मुद्दाम थांबलो. विंगेकडे पाहिलं. तिथे रोकडेकाका होते. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचा विश्वास होता. त्या विश्वासानं मला बळ दिलं, आणि मी तो हुंदका आतून आणला."

टाळ्या झाल्या. काका शाल सावरत पुटपुटले, "विश्वास कसला? वाक्य दिलं होतं." ते मला ऐकू आलं. अविनाशलाही आलं असणार, त्याचा कान त्या आवाजाला सरावलेला होता. बाकी कुणाला नाही. व्यासपीठावर, उजेडात बसूनही काकांचा आवाज विंगेतलाच लागला. पहिल्या रांगेपर्यंत पोचला नाही.

बातमी आली. नगरसेवकांच्या अध्यक्षतेखाली आणि सुप्रसिद्ध रंगकर्मी व ज्ञानकोशकार अविनाश यांच्या हस्ते ज्येष्ठ कामगार कलावंताचा सत्कार संपन्न झाला. यावेळी अमुक, तमुक आदी मान्यवर उपस्थित होते. अमुक-तमुकांत ध्वनिक्षेपकवाल्याचंसुद्धा नाव होतं, म्हणजे माझं. ज्येष्ठ कामगार कलावंताचं नव्हतं. आपल्याकडे सत्काराच्या बातमीत तो कुणी केला ते येतं, कुणाचा ते गृहीत असतं. फोटोत शाल घालणारा अविनाशचा हात काकांच्या चेहऱ्यावरून गेला होता. काकूंनी फोटो डोळ्यांशी नेला आणि म्हणाल्या, "आहेत की! या चपला यांच्याच आहेत. मी अंगठा शिवून आणला होता."

काका हसले नाहीत.

मी पुन्हा सोनिवलीला गेलो. "तू वाक्य खाल्लंस, अविनाश. दुसऱ्यांदा."

"काय बोलतोस? मी त्यांचं कौतुक केलं."

"त्यांनी तुला वाक्य दिलं, एवढं एक सांगायचं होतं. त्याच्यासाठी हॉल घेतला होता."

तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "लोकांसमोर कसं सांगणार? ते एक बक्षीस आहे माझ्याकडे. बाकी काय आहे?"

हे तो खरं बोलला. त्या सगळ्या हिवाळ्यात तेवढंच.

"मग आता चर्चेत लिही. तिथे तुझं खरं नावसुद्धा नाही."

"माझा त्यात हितसंबंध येतो. मी लिहिणं योग्य नाही." आणि मग, अगदी सहज, "चर्चेची मुदतही संपलीय. लेख आज काढावा लागेल."

"कोण काढणार?"

तो संगणकाकडे वळला. ताटलीत शेंगा होत्या. त्याच्या आईनं आतून नेहमीचा प्रश्न विचारला. साक्ष देताना आडवा आलेला हितसंबंध कळ दाबताना आडवा आला नाही.

काही दिवसांनी ज्ञानकोशात नवा लेख आला, एका नव्या सदस्यानं लिहिलेला. अविनाशवर. हौशी रंगकर्मी, मराठी ज्ञानकोशाचे आधारस्तंभ. आधार म्हणून एकच संदर्भ जोडला होता, आमच्या सत्काराची बातमी. कुणी हरकत घेतली नाही. घेणार तरी कशी? छापून आलं होतं. मी तो लेख वाचला आणि तिथला माझा वावर संपवला. नियमांबद्दल माझी आजही तक्रार नाही. चाकू चांगला होता. आम्हीच दोघांनी दुपार-दुपार बसून त्याला धार लावली होती.

*

काकांना सांगायचं कसं, या विवंचनेत मी गोपभाईंकडे गेलो. काका आधीच येऊन, वाचून, "आहे," म्हणून गेले होते.

"मैंने पेज कंप्यूटर में रख लिया था," गोपभाई म्हणाले. "जिस दिन पट्टी आई ना, उसी दिन. धंधेवाले आदमी को पता चल जाता है, कौन सा माल दुकान से उठनेवाला है."

म्हणजे जगभरातून काढलेले काका उल्हासनगरच्या एका संगणकात होते. फक्त लेख जपला तेव्हाची पिवळी पट्टीही त्यात जपली गेली होती. त्यामुळे त्या संगणकात चर्चा संपलीच नाही. काका रोज येत, पट्टी वाचत, विचारत, "अजून ठरत नाही त्यांचं?"

"टाइम लगता है काका. बड़ा मामला है."

"मोठं आहेच," काका म्हणत.

पुढे लोकांच्या घरोघरी इंटरनेट आलं आणि कॅफे बसला. गोपभाईंनी जोडणी बंद करून घेतली. तरी संध्याकाळी काका आले, लेख उघडला गेला. मी शेजारच्या स्टुलावर होतो. काकांनी वाचून चष्मा काढला आणि भिंतीकडे बोट केलं. "गोप्या, तिथली वायर तर तू परवा काढून नेलीस. मग मी येतो कुठून?"

आयुष्यात एवढ्या शाली विकलेल्या माणसाला बोलायला काही सापडेना, आणि काका, सवयीनं, त्याच्या श्वासाकडे कान देऊन थांबले. मग त्यांनीच त्याला वाक्य दिलं. "म्हण, सर्व्हर से आता है."

"सर्व्हर से आता है, काका."

"हं. उद्या येतो."

येत राहिले, जमेल तोवर. ते गेले त्या थंडीत काकूंनी त्यांच्या अंगावर सत्काराची शाल घातली नाही. म्हणाल्या, "ती नुसती चमकते. गार पडतील." आणि घरातली घोंगडी काढली.

*

परवा अविनाशचा सत्कार झाला. त्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये. मी मंडळाचा सभासद, शाल माझ्याच पिशवीतून गेली. त्याची ओळख करून देताना निवेदिकेनं ज्ञानकोशातला लेखच वाचून दाखवला. मग कुणीतरी ओरडलं, "तो प्रवेश होऊन जाऊ द्या!" अविनाशनं आढेवेढे घेतले, नेमके हवे तेवढेच, आणि उभा राहिला.

आवाज अजून चांगला आहे त्याचा. त्यानं दार वाजवलं. आंधळा बाप आल्याचं दाखवलं. दार उघडलं. आणि त्याच जागी, इतक्या वर्षांनी, त्याचा चेहरा पुसला गेला.

मी दुसऱ्या रांगेत होतो. आबा, मी आहे. आवाज ओळखला नाही? वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. किती आवाजात द्यायचं तेही मला आता कळतं.

त्यानं डावीकडे विंगेत पाहिलं. तिथे नारळांचं पोतं होतं.

मी वाक्य दिलं नाही. तो तसाच उभा राहिला, ओठ विलग, डोळे विंगेत. हॉल चिडीचूप झाला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. आधी एकदोन, मग उभं राहून सगळ्यांनी. लोकांना तो अभिनय वाटला. बातमीदार लिहीत होता.